पोटावरचे डाग

पट्टीनं. हातानंसुद्धा नाही. शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असते तसली लाकडी पट्टी त्या डॉक्टरांच्या हातात होती. तिच्या टोकानं त्यांनी माझ्या पोटावरचा पदर बाजूला सारला आणि म्हणाले, "या, पुढं या सगळे. हे बघा."

इंदापुरातल्या मंगल कार्यालयात फुकट तपासणीचं शिबिर होतं. नव्वद साल नुकतंच मागं पडलं होतं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं असावं, कारण छताला कागदी पताका तशाच होत्या आणि मला ज्या टेबलावर निजवलं होतं ते पंगतीचं होतं. त्याला अजून आमटीचा वास येत होता. पुण्याहून मोठे डॉक्टर आले होते, त्यांच्याबरोबर शिकणारी पोरं-पोरी. पांढरे कोट घातलेले. सगळे माझ्याभोवती वाकले.

"डागलेलं आहे," डॉक्टर म्हणाले. पट्टी एकेका डागावर टेकवत गेले. "मेंढपाळ लोकांत अजून चालतं. पोट दुखलं की सळई तापवायची. अज्ञान, दुसरं काय."

एका पोरीनं वहीत लिहून घेतलं. एका पोरानं फोटो काढला. लख्खकन उजेड पडला आणि मी डोळे मिटले. दार उघडंच होतं. बाहेर रांगेत आमच्याच गावच्या बायका उभ्या होत्या, आणि गड्यांचीही रांग होती. माझ्या नवऱ्यानं दिवसाउजेडी जे पोट नीट बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी निम्म्या तालुक्यानं बघितलं.

मी एक गोष्ट सांगायला आले होते. टेंपोत बसल्यापासून मनात घोकत आले होते. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीतून खांद्यात जाते, उलटी होते, मग पार गळून जाते. एवढंच सांगायचं होतं. ते कुणी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "परत डागून घेऊ नका हं बाई," आणि चिठ्ठीवर ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. "पुढचा पेशंट."

शिबिराच्या फलकावर लिहिलं होतं की सगळ्या उपचारपद्धती एका छताखाली. खोटं नव्हतं ते. पलीकडच्या टेबलावर वैद्य बसले होते. पोरांनी त्यांना जाऊन सांगितलं असणार, कारण त्यांनी मला हाक मारून बोलावून घेतलं. पुन्हा पदर बाजूला. पण हे वैद्यबुवा खूश झाले. म्हणाले, हे तर अग्निकर्म, आपल्या शास्त्रातलं, हजारो वर्षांचं. मग तोंड वाकडं केलं. "या लोकांनी त्याची पार वाट लावली."

म्हणजे बघा. तीच सळई, तोच विस्तव. त्यांच्या तोंडात शास्त्र, आमच्या पोटावर अडाणीपणा. दुखतंय कुठं, हे त्यांनीही विचारलं नाही. योगाच्या बाईंनी पोटानं श्वास घ्यायला सांगितलं. घेतला.

बाहेर माझी थोरली जाऊ उभी होती. तिनंच मला ओढत आणलं होतं, फुकट तपासतात म्हणून. तिनं विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

"काय न्हाय. गोळ्या दिल्या."

"आन् कळ येतीय ती?"

"इचारलंच न्हाय."

"मग तू सांगायचं की गं. तोंडात काय मीठ धरलं हुतंस?"

काय सांगणार तिला. आडवं निजवून, पदर काढून, दहा माणसं वाकली की बाईच्या तोंडातून शब्द येत नाही. तिला ठाऊक होतं तेही. परतीच्या टेंपोत ती माझा पदर पोटावर नीट खोचून देत राहिली. मला तिचा रागच आला त्या वेळी. आज माया वाटते.

गावात ही गोष्ट माझ्या आधी पोचली. पिठाच्या गिरणीत बायका मला 'फोटूवाली' म्हणायला लागल्या. थट्टाच ती, वाईट मनानं नव्हे. पण पाणवठ्यावर, रानात, लग्नात, जिथं जावं तिथं तेच. नवरा म्हणाला, "कुणी सांगितलं हुतं जायला? हात दाखवून अवलक्षण." पुढं कित्येक वर्षं मी कुठल्याच डॉक्टरची पायरी चढले नाही. कळ यायची. दळताना, खुरपताना, पोरांना वाढताना. मी भिंतीला पाठ लावून बसायची आणि ती जायची वाट बघायची. एवढंच माझं औषध.

आता तात्याबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की सगळं पाप डॉक्टरांचंच.

माझं माहेर कऱ्हाटी. आमच्या घरात मेंढरं होती, माझ्या लहानपणीच ती विकली आणि शेती धरली. पण मेंढरं गेली तरी मेंढरांचं शहाणपण घरात राहिलं. तात्या म्हणजे माझा थोरला चुलता. मेंढरू फुगलं, लंगडलं, सुजलं की तो सळई तापवून डागायचा. माणूस आजारी पडलं तरी तीच सळई. मला कावीळ झाली तेव्हा मी परकर-पोलक्यातली. चौघांनी हात-पाय धरले. मी ओरडले त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण मेंढरूही ओरडतंच. दुसऱ्या बाळंतपणानंतर ही कळ सुरू झाली तेव्हा मी माहेरी होते. तात्या म्हणाला, "बोटानं दाव, कुठं दुखतंय." मी दाखवलं. तिथंच त्यानं चटके दिले, बरोबर बरगडीच्या खाली. मग स्वतः माझ्याजवळ बसून राहिला, गूळ खायला दिला, तापलेल्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

तात्याचा जीव होता माझ्यावर. पण कुठं दुखतंय हे विचारलं, डागू का हे नाही विचारलं. त्याचाही मला राग आहे. म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. नये तर नये. पण अंग माझं भाजलं.

एक मात्र खरं. त्या मोठ्या डॉक्टरांनी पट्टी टेकवताना क्षणभर विचार केला असता की हे डाग सगळ्या पोटावर का नाहीत, इथंच दाटीनं का आहेत, तर त्यांना माझं दुखणं सापडलं असतं. आमच्यात दुखेल तिथंच डागतात. ते अज्ञान बघत होते. मी पोट दाखवत होते.

आणि आम्ही बायका तरी काय करतो, सांगते. दोन्हीकडं चोरी. सरकारी दवाखान्यात गेलं की पाल्याचा काढा घेतला, बिब्बा लावला, डाग घेतला हे सांगायचं नाही, डॉक्टर ओरडतो. घरी म्हाताऱ्यासमोर गोळीचं पाकीट दाखवायचं नाही, तो ओरडतो. काढ्यावर गोळी, गोळीवर काढा, आणि दोघांनाही ठाऊक नाही पोटात काय चाललंय. किती बायकांचं अंग असं चोरीचोरीनं खराब झालं असेल. शिव्या कोण खाणार म्हणून आम्ही दुखणं खाल्लं.

नव्वदीच्या शेवटाला नवरा पडला. द्राक्षबागेत तारेचं काम करताना पाय मोडला आणि घर माझ्यावर आलं. बारामतीच्या बाहेर, रस्त्याला लागून, एक नवीन आरोग्यधाम निघालं होतं. झाडी, लॉन, कौलारू खोल्या. पुण्या-मुंबईची माणसं आठ-आठ दिवस येऊन राहायची. तिथं डॉक्टरही होते आणि वैद्यही. तेल चोळणं, वाफ, आसनं, आणि रक्त-लघवी तपासणीही. मला तिथं काम मिळालं. वालचंदनगरच्या पुढून सकाळची एसटी धरायची, बायकांच्या विभागात तेल गरम करायचं, चादरी बदलायच्या, पाहुण्यांना धरून उठवायचं.

काम वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. मालकीण स्वतः डॉक्टर होत्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. हसऱ्या, गोड बोलणाऱ्या. आमच्या चहात दूध कमी पडलं तर स्वयंपाक्याला बोलायच्या.

तिथं पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट बघून मी थबकले. एक पाहुणी टेबलावर निजली होती. मॅडमनी आधी दार लावलं. मग पडदा ओढला. मग तिच्या अंगावर चादर घातली आणि म्हणाल्या, "आता मी तुमच्या पोटाला हात लावणार आहे. चालेल ना?" ती बाई हो म्हणाली. मग मॅडमनी हात लावला. "इथं दुखतंय? दाबू थोडं? नको असेल तर सांगा."

मी तेलाचं भांडं हातात धरून उभी. माझ्या हाताला चटका बसला तेव्हा मला कळलं की मी भांडं ठेवलंच नाही. असं विचारतात? असं विचारता येतं? माझा सगळा जन्म गेला आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की अंगाला हात लावण्याआधी एक प्रश्न असतो. मला कौतुक नाही वाटलं. मला रडू आलं, आणि रडण्याचा रागही आला.

मग ती बाई बोलत गेली. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते. पाठीतून खांद्यात जाते. उलटी होते.

माझंच दुखणं. शब्दन् शब्द. मी टेंपोत घोकलेला.

मॅडमनी अर्धा तास ऐकलं. लगेच बारामतीत फोन लावला, गाडी काढली, त्या बाईची सोनोग्राफी करवून आणली. पित्ताशयात खडे निघाले. मग मॅडम आणि त्यांचे वैद्य आणि पुण्याचे सर्जन, तिघं एकमेकांशी फोनवर बोलले. काय खायचं, काय बंद करायचं, ऑपरेशन कधी, नंतर किती दिवसांनी इथं येऊन आराम करायचा, कुठलं तेल, कुठलं पथ्य. घरी काय काय उपाय केले हेही तिला विचारलं. तिनं कुणा बुवाचा अंगाराही घेतला होता, तो तिनं न लाजता सांगितला. कुणी ओरडलं नाही. सगळ्या उपचारपद्धती एका छताखाली म्हणतात ना, त्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या. छत मात्र आमचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धीर करून मी मॅडमना गाठलं. म्हटलं, मला पण तसंच होतंय, बरीच वर्षं. त्या कुठंतरी निघाल्या होत्या. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, "अगं, तुम्ही लोक तिखट फार खाता. ताक पी. मन शांत ठेव." आणि गाडीत बसल्या.

आमच्या घरात तिखट परवडतं, ताक नाही. पण हे ऐकायला त्या थांबल्या नव्हत्या.

माझे डाग तिथल्या बायकांनी कपडे बदलायच्या खोलीत बघितले होते. त्यांच्याकडून ते मॅडमच्या कानावर गेलं. पण मॅडम त्या मोठ्या डॉक्टरांसारख्या नव्हत्या. त्यांना ते डाग आवडले. म्हणाल्या, हा तर आपला वारसा, मातीतलं ज्ञान, आपण उगीच नाकारतो. मला चांगलं वाटलं ऐकून, हेही सांगते. इतकी वर्षं फोटूवाली म्हणून घेतल्यावर कुणी वारसा म्हणालं तर माणूस विरघळतंच.

आरोग्यधामाचा वर्धापनदिन आला. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, फुलं लावली. पुण्याहून डॉक्टर, पेपरवाले, पैसेवाले, जुने पाहुणे. मला नवी साडी दिली आणि पुढं बसवलं. का, ते सांगितलं नाही. मॅडमनी भाषण केलं, चांगलं केलं. गरिबाचं आरोग्य, जुनं आणि नवं यांचा मेळ, माणसाला पूर्ण माणूस म्हणून बघणं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी माझं नाव घेतलं. मी वर गेले. त्या माझा हात धरून म्हणाल्या की आमच्या या ताई म्हणजे चालतंबोलतं परंपरागत ज्ञान. अग्निकर्म आजही यांच्या अंगावर जिवंत आहे. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं खुर्चीतून पुढं सरकले. एकानं कॅमेरा वर केला.

आणि मॅडमचा हात माझ्या पदराला लागला.

मी काही ठरवून गेले नव्हते. शूर वगैरे मी नाही. मुकी बिचारी, कुणीही हाका, अशीच माझी सगळी उमर गेली. पण त्या क्षणी माझ्या अंगाला आमटीचा वास आला आणि माझ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. घट्ट.

"मॅडम," मी म्हणाले, "तुमी इचारलं न्हाय."

त्या हसल्या. माईक बाजूला करून हळूच म्हणाल्या, "अगं, सगळी आपलीच माणसं आहेत."

"पाव्हन्यांस्नी रोज इचारता. हात लावू का म्हनून. मला का न्हाय?"

"कार्यक्रम आहे गं. नंतर बोलू."

"माझं पोट हाय ह्ये. कार्यक्रम न्हाय." माझा आवाज चढला नव्हता. थकलेला होता. पण माईक जवळच होता, तो सगळ्या हॉलभर गेला. "ह्या डागाखाली दुखतंय मला. कवापास्नं. तुमाला डाग दिसला. दुखनं कुनालाच दिसलं न्हाय."

कॅमेरा खाली गेला. मॅडमचा चेहरा लाल झाला आणि मला त्यांची दयाही आली, कारण त्यांना खरोखरच कळलं नव्हतं आपण काय केलं. पट्टीवाल्याला मी अडाणी दिसले, मॅडमना मी वारसा दिसले. दुखणारी बाई कुणालाच दिसली नाही. शिवी दिली काय आणि आरती ओवाळली काय, पदर विचारल्याशिवायच ओढला.

मी साडी बदलली, नवीची घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि एसटी धरली. काम गेलं. दोन दिवसांनी निरोप आला की येऊ नका.

जाऊबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "चल, आता मी येते तुझ्यासंगं. मला तरी दाव त्ये पोटाचा फोटू काढायचं मशीन." बारामतीच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं सरळ पोटाकडं हात नेला. मी हात आडवा धरला. म्हटलं, आधी इचारा. तो वैतागला. मागं लांबच लांब रांग. पण त्यानं विचारलं. मग मी सगळं सांगितलं. कळ, खांदा, उलटी, तात्याचे चटके, काढे, न घेतलेल्या गोळ्या, सगळं. काहीच चोरलं नाही. त्यानं तपासणी लिहून दिली. खडे निघाले. फार उशीर झालाय, असं ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले. पित्ताशय सडत आलं होतं. काढलं. ताप आला, पू झाला, महिनाभर खाटेवर होते. आजही जड काम होत नाही. उभी राहिले की कंबर भरून येते.

वाचले, हे खरं. पण ज्या दिवशी पंगतीच्या टेबलावर मला निजवलं त्याच दिवशी एका प्रश्नात हे मिटलं असतं. ती वर्षं मला कोण देणार? कुणी देऊ शकत नाही आणि मी मागतही नाही.

मी तेलाच्या विरोधात नाही आणि सुरीच्याही नाही. काढ्यानं माझ्या पोरांचा खोकला बरा झालाय, ऑपरेशननं माझा जीव राहिलाय. एकत्र आणा की सगळं, कोण नको म्हणतंय. पण जिच्या अंगावर आणणार, तिला आधी विचारा. एवढंही जमत नसेल तर ते शास्त्र पुण्याचं असो की कऱ्हाटीचं, मला दोन्ही सारखंच.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा बायकांची तपासणी असते. टेबल दारासमोर आहे. दाराला पडदा नाही. बाहेर कट्ट्यावर गडी तंबाखू मळत बसतात. मी ग्रामसभेत उठले आणि पडदा मागितला. लोक हसले. सरपंच म्हणाले, "वहिनी, औषधाचा पत्ता न्हाय आन् तुमाला पडदा?" मी खाली बसले नाही. म्हटलं, औषध नसलं तर तुमी नाही म्हणता. पडदा नसला तर आमीच नाही म्हणतो, दुखणंच सांगत नाही. मग औषध कुणाला देणार?

पडदा मिळाला नाही. तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं, पडदा लागेपर्यंत आणि डॉक्टर विचारेपर्यंत त्या टेबलावर कुणी चढायचं नाही. सगळ्या कबूल नाहीत. गेल्या खेपेला एक पोटुशी पोरगी तपासणी न करता परत गेली. तिची सासू माझ्या दारात येऊन शिव्या देऊन गेली, म्हणाली, तुझ्या हट्टापायी माझ्या सुनेचं काय झालं तर? त्या पोरीला मी माझ्याबरोबर बारामतीला नेऊन आणलं, पण दर वेळी प्रत्येकीला मी कुठं नेणार?

झोप लागत नाही कधीकधी. माझं चुकतंय का, असंही वाटतं. मग उजव्या बरगडीखालची शिवण ओढते आणि कळतं, की चुकत नाही.

उद्या तपासणीचा दिवस आहे. सकाळी लवकर जाऊन त्या दारात पडद्याच्या जागी उभी राहणार आहे. जिला तपासून घ्यायचंय तिनं आत जावं. डॉक्टर म्हणतील वेळ नाही. सरपंच म्हणतील वहिनी, ऐका. सासू शिव्या देईल. देऊ दे. माझ्या पाठीमागून कुणी आत बघू शकणार नाही एवढी रुंद मी आहे. आणि आतल्या बाईला विचारल्याशिवाय कुणी हात लावला, तर मी तो हात धरणार आहे.